सिंकवरच्या खिडकीचं माप

४ जानेवारी
यंदा घर घ्यायचं. ठरलं. आज फ्लॅट पाहिला. तिसरा मजला, स्वयंपाकघरात सिंकच्या वर खिडकी. बायको तिथून हलेचना. भाड्याच्या घरात सिंकसमोर भिंत आहे. लग्न झाल्यापासून भिंतीकडे बघत भांडी घासतेय, म्हणाली. पर्समधून टेप काढून खिडकीचं माप घेतलं. लगेच बुक करू म्हणाली. मी समजावलं, व्याजदर उतरणार आहेत, थांबायचं. आणि कुणापाशी बोलायचं नाही, नाहीतर गिऱ्हाइकं वाढतात. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. ब्रेक कधी सोडायचा हे मला कुणी सांगू नये.

२० फेब्रुवारी
उतरले! सांगत नव्हतो? एजंटचा फोन, इमारतीचा भाव जरा वाढलाय. तात्पुरती सूज. ओसरेल.

११ मार्च
क्लच सोडायला घाबरणाऱ्या बाईंना गाडीत व्याजाचं गणित शिकवलं. व्याज उतरलं की त्याच हप्त्यात मोठं कर्ज मिळतं. बाई इतक्या खूश झाल्या की सिग्नलला गाडी बंद पाडली.

२९ मार्च
बाईंनी फ्लॅट घेतला. आम्ही पाहिलेल्या त्याच इमारतीत, चौथा मजला. आज क्लच छान सोडला. घरी सांगितलं नाही.

१५ मे
व्याज आणखी खाली. भाव आणखी वर. हप्ता काढून पाहिला तर जानेवारीत होता तेवढाच. शिवाय आधी रोख भरायची रक्कम फुगली. ती साठवायला बँकेत ठेव ठेवली होती, तिचंही व्याज उतरलं. हे मी धरलंच नव्हतं. म्हणजे धरलं होतं, पण मनातल्या मनात.

२ जून
हिने पडदे शिवले. निळे, बारीक पांढऱ्या फुलांचे. घडी घालून कपाटात ठेवलेत. घाई कशाला, असं विचारणार होतो. कपाट लावून घेतलं.

१९ जुलै
मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, जेवायला आला होता. तोंडातून शब्द न काढणारा प्राणी. त्याला सगळं नीट सांगितलं: कर्ज स्वस्त, म्हणून सगळेच धावतात, म्हणून भाव चढतात, आणि व्याज उतरेल तसे चढतच जाणार. उदाहरण म्हणून आमच्याच इमारतीचं नाव दिलं. आपल्याला तिथे घ्यायचंय, हे अर्थातच लपवलं. ही आत भांडी घासत होती. मेहुणा फक्त मान डोलवत होता. बिचाऱ्याच्या डोक्यावरून गेलं असावं.

८ ऑगस्ट
एजंट म्हणतो, तिसऱ्या मजल्यावरचा तो एकच उरलाय. बायको म्हणाली, अहो, आता तरी. मी म्हटलं, शनिवारी चेक देतो. शब्द दिला.

शनिवार
चेक खिशात होता. पार्किंगचे पैसे सोडा म्हटलं. एजंट नाही म्हणाला. उठून आलो. दोन दिवस फुटू दे त्याला घाम.

सोमवार
गेला.

मंगळवार
मेहुण्याने घेतला. फोनवर इतका बोलला की मला वाटलं राँग नंबर. म्हणाला, भाऊजी, तुमच्यामुळे डोळे उघडले, भाव चढतच जाणार म्हणालात, मग थांबलोच नाही. माझं अर्धंच ऐकलंन. पण तेच अर्धं खरं होतं.
बायकोला सांगितलं. बरं झालं, घरातच राहिला, म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

३० नोव्हेंबर
मेहुण्याचं नवं घर बघायला गेलो. हिने पिशवीतून पडदे काढले. मी हळूच म्हटलं, दुसरं काहीतरी देऊ. म्हणाली, हे दुसरीकडे कुठे बसणार?
स्टुलावर चढून मीच लावले. सूतभर कमी नाही, जास्त नाही. मेहुण्याने विचारलं, ताई, घर न बघता एवढं अचूक माप कसं गं? ही सिंकपाशी उभी राहून चहाचे कप घासायला लागली. कप चारच होते. पुन्हा पुन्हा तेच घासत होती, खिडकीबाहेर बघत.
माझा पाय स्टुलावर ब्रेक दाबत होता. झालं तुमचं, उतरा आता, असं मेहुणा म्हणाला. उतरून कुठे उभं राहावं ते मला कळेना.