नालछ्याच्या वाटेवरची मेथी

तात्या,

आई गेली त्या पौषात धार गाव रिकामं झालं. प्लेगचे उंदीर पडायला लागले की लोकांनी गावाबाहेर जाऊन राहायचं, हे तेव्हा कुणाला नवं नव्हतं. पण आपण निघालो ते आईला पोचवून आल्यावर, तिच्या सुतकातच. नालछ्याच्या वाटेवर दरबारनं मोकळी चरणोई, गुरं चारायची जमीन, दिली होती, तिथं तट्ट्यांच्या आणि कडब्याच्या झोपड्या ओळींनी उभ्या होत्या. त्यातली एक आपली. तिच्यात तुम्ही, अकरा वर्षांची मी, आणि नुकती मान धरू लागलेली धाकटी. देवासच्या आत्याबाईंना तुम्ही निरोप धाडला होता, पण वाटेवर नाकेबंदी होती, गाड्या परत फिरवत होते. तोवर चूल तुमच्याकडे आली. दफ्तरात बसून मोडीचे कागद लिहिणारे तुम्ही, त्या दिवसापर्यंत पाण्याचा तांब्यासुद्धा तुम्हाला आई हातात देत असे. पहिल्या दिवशीचा भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. तुम्ही तो माझ्या पानात वाढलात आणि म्हणालात, "आज एवढा गोड मानून घे, बाई. उद्या जमेल." दुसऱ्या दिवशीही जमला नाही. मी तरी जेवले. तुम्ही माझ्याकडे बघत होता म्हणून जेवले.

भाजी कुठली मिळायला! गावचा बाजार बंद, आणि खेड्यांतल्या माळणी रोगाच्या भीतीनं झोपड्यांकडे फिरकत नव्हत्या. डाळ, भात, लोणचं, पुन्हा डाळ. मग कुणीतरी काढलं की चरणोईतल्या विहिरीजवळचा तुकडा सगळ्यांनी मिळून खणावा, दर झोपडीला एक वाफा घ्यावा, मोट एक, बैल एकाचे, आणि पाणी पाळीनं. दफ्तरातले, पागेतले, शिंपी, सोनार, सगळे एका ओळीत फावडी घेऊन उभे राहिले. तुमच्या तळहातांना पहिल्याच दिवशी फोड आले. रात्री फोडांना तेल लावताना मला विचारलंत, "वांगी लावू या का? तुझ्या आईला आवडायची." तुम्ही तिचं नाव काढलंत ते तेव्हा, गेल्यापासून पहिल्यांदा.

आपल्या शेजारचा वाफा पागेतल्या मोतद्दाराच्या बायकोचा. तो घोड्यांपाशी गावातच अडकलेला, ही इथं कडेवर मुलगी घेऊन एकटी. तिचे आजे-पणजे मराठ्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले होते, पण बोलणं अर्धं मराठी, अर्धं इकडचं. सगळ्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची, तुम्हालाही. मला ते ऐकून नवल वाटायचं, कारण तुम्हाला गावात रावसाहेबाखाली कुणी बोलत नसे.

धाकटीला आपण गाईचं दूध कापसाच्या वातीनं पाजत होतो. ते तिच्या पोटात ठरत नव्हतं. तुम्ही खणायला जाताना तिला टोपलीत घालून बांधावरच्या पळसाखाली ठेवत होता. फाल्गुन लागला, पळस पेटल्यासारखा फुलला, आणि तिचं रडणं मात्र दिवसेंदिवस बारीक होत चाललं. आधी ते साऱ्या ओळीला ऐकू जायचं. मग शेजारच्या वाफ्यापर्यंत. मग मला टोपलीवर वाकून ऐकावं लागायचं. एका सकाळी मोतद्दाराची बायको हातातलं खुरपं टाकून बांध ओलांडून आली.

"भिया, हिला दूध कोण पाजतं?"

"गाईचं देतो. पोटात राहत नाही."

"मग माझ्याजवळ द्या. मला एकीपुरतं जास्तच येतं."

तुम्ही फावडं धरून तसेच उभे. तुमच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मला आता कळतं. आपलं घर, सोवळं, चार लोक, आणि चार-पाच महिन्यांपूर्वी ज्या बाईनं हिला जन्म दिला तिची अजून न वाळलेली आठवण. मोतद्दाराची बायको मात्र थांबायला तयार नव्हती.

"लेकरू सुकून चाललं, अन् तुम्ही उभ्या उभ्या सोच काय करताय?"

तुम्ही फावडं टाकलंत. हात धोतराला पुसलेत, टोपलीतून तिला उचललंत आणि त्या बाईच्या हातात दिलंत. ती पाठ करून झाडाखाली बसली. तुम्ही पुन्हा खणायला लागलात, आणि मी बघतेय तर खणलेलीच जागा पुन्हा पुन्हा खणताय. धाकटीचा घुटका मला ऐकू आला. तुम्हालाही आला असणार, कारण तुम्ही तिकडे पाठ केलीत आणि खांद्याला डोळे पुसलेत.

ओळीतली एक म्हातारी शिंपीण म्हणाली, दोघींना पाजायचं तर तिला मेथी खाऊ घाला, शेपू खाऊ घाला, नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर दूध किती दिवस येईल? झालं. तुम्ही वांग्याची रोपं दुसऱ्याला देऊन टाकलीत. आपल्या अख्ख्या वाफ्यात मेथी, कडेनं शेपू. एक चौकोन पेरलात की चार दिवसांनी दुसरा, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी हाताशी यावी. पाण्याची पाळी येईपर्यंत आपण बांधावर बसायचो, आणि ओल्या मातीत काडीनं तुम्ही मला अक्षरं काढून दाखवायचात. 'म' आधी, मग 'थ'. आज हा कागद मी लिहिते आहे तो त्या मातीतल्या अक्षरांच्या जोरावर. पहिली मेथी उपटलीत तेव्हा मला वाटलं, आज भाजी! तुम्ही ती झटकून, मुळं धुऊन, सगळीच्या सगळी तिच्या दारात नेऊन ठेवलीत. परत येऊन म्हणालात, "आपल्याला पुढच्या वेळची." पुढची वेळही तिचीच झाली. मी फुरंगटून बसले, तर तुम्ही धाकटीची मूठ माझ्या बोटाभोवती ठेवलीत. तिनं बोट आवळलं. त्याआधी तिच्यात तेवढं बळ नव्हतं.

पाडवा झोपडीतच झाला. दोनच दिवसांनी नाकेबंदी उठली आणि आत्याबाई देवासहून बैलगाडीनं आल्या. भावजय गेलेली, भाऊ उन्हानं काळवंडलेला, चुलीपाशी धड भांडं नाही; बघून आधी पोटभर रडल्या. मग त्यांना धाकटी दिसली, कुणाच्या मांडीवर आहे तेही दिसलं. तुम्हाला वाफ्यावरच गाठलं त्यांनी.

"कुणाच्या अंगावर पाजतोस पोर? काय खाते ती, काय शिवते, काही विचार केलास?"

तुम्ही मोठ्या बहिणीपुढे आवाज चढवणारे नव्हेत. तसेच हळू म्हणालात, "काय खाते ते मला ठाऊक आहे, अक्का. मेथी खाते. माझ्या हातची."

पण हे सगळं त्या बाईनं ऐकलं. तिनं धाकटीला माझ्याजवळ दिलं, आपली पोर कडेवर घेतली आणि गेली. संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. आत्याबाईंनी दूध आटवून बघितलं, पाणी घालून बघितलं, वातीनं, बोटानं. धाकटी तोंड फिरवायची आणि घेतलेलं टाकायची. तुम्ही दारात बसून होता. ऊन माथ्यावर आलं तशा आत्याबाई उठल्या. आलवणाचा पदर डोक्यावरून घट्ट ओढला, पोर छातीशी धरली आणि ओळी ओलांडत चालू लागल्या. मी मागोमाग. मोतद्दाराच्या दारात आपल्याकडची सोवळी बाई कधी उभी राहिली नसेल.

"माझी जीभ जळो," आत्याबाई म्हणाल्या. "हिला घे, बाई."

तिनं आधी धाकटीला घेतलं, मग उत्तर दिलं. "जीभ कशाला जाळता, आजी? ऊन किती आहे. बसा, सावलीत बसा."

आणि आत्याबाई बसल्या, तिथंच, शेणानं सारवलेल्या ओट्यावर, शेजारी बकरी बांधलेली. धाकटी पीत होती तोवर दोघी एकमेकींकडे न बघता पुष्कळ बोलल्या. मला एवढंच आठवतं की आपली दोन मुलं पाळण्यातच गेल्याचं आत्याबाईंनी तिला सांगितलं. ते आपल्या घरात मी तोवर ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर मेथी तुम्ही पिकवायची आणि आत्याबाईंनी शिजवायची. डाळ घालून, बेसन लावून, थालीपिठात. ताट झाकून त्या स्वतः नेऊन द्यायच्या. चैत्र सरत आला तसं विहिरीचं पाणी खोल गेलं. पाळ्या अर्ध्या झाल्या. लोकांच्या गवारी, भेंड्या माना टाकू लागल्या आणि मेथी तर पहिल्या उन्हात पिवळी पडते. तुम्ही पहाटे नाल्याच्या डोहातून घागरी आणायला लागलात, खांद्याची कातडी सोलली. ते बघून त्या शिंपिणीनं ओळीत उभं राहून सांगितलं, "आमच्या पाळीतलं अर्धं पाणी त्या मेथीकडे सोडा." मग सोनारांनी सोडलं. मग ज्यांच्याशी आपली ओळखही नव्हती त्यांनी. पाट आपल्या वाफ्याकडे वळताना बघून तुम्ही हात जोडलेत, कुणाकडे बघून ते मला कळलं नाही. सगळ्यांकडेच असावेत.

वैशाखात गावात परतायचा हुकूम आला. धाकटी तेव्हा बाळसं धरून दोन दातांनी सगळ्यांना चावत होती. पुढं दर भाऊबीजेला तुम्ही पागेतल्या त्या घरी पाटावर जाऊन बसलात. आत्याबाई जिवंत होत्या तोवर लाडू त्या करून द्यायच्या. तुम्हाला स्थळं येत राहिली, तुम्ही नको म्हणत राहिलात, आणि भात मात्र असा मऊ करायला शिकलात की माझ्या सासरी मला तसा कधी साधला नाही.

तुम्हाला जाऊनही आता कितीक वर्षं झाली. काल धाकटी येऊन गेली. केस पिकलेत, गुडघे धरलेत, तरी चालताना माझ्या पुढेच. तिला सगळं ठाऊक आहे, दूधआईच्या पोटच्या मुलीला अजून बहीण मानते. ती गेल्यावर मला वाटलं, तुम्हाला हे कुणी कधी तोंडावर सांगितलंच नाही की तुम्ही आम्हा दोघींना वाढवलंत, आणि चांगलं वाढवलंत. म्हणून लिहायला बसले. कागद पेटीत तळाशी ठेवीन. कुणाला दाखवायचा नाही.

एक मात्र कबूल करते. चारचौघांत, पत्रांत, आणि आत्ता या कागदावरही मी तुम्हाला अहो-जाहो करत आले. वडिलांना तसंच म्हणायची आपल्या घरची रीत. मनात मात्र तसं नाही, तात्या. त्या वसंतापासून मनातल्या मनात मी तुम्हाला 'तू' म्हणते, आईला म्हणायचे तसं.