कोरडं वाचा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा तोच प्रश्न! चष्म्याची काडी बदलायला गेलो होतो. दुकानदार स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "वहिनी त्या पिक्चरमध्ये होत्या ना? काय काम केलं होतं! मग पुढे काय झालं हो?"

पुढे काय झालं! जसा काही अपघातच झाला. मी म्हटलं, "पुढेही कामच केलं." तर तो हळहळला. ही हळहळ माझ्या डोक्यात जाते.

पहिल्या पिक्चरनंतर पेपरवाल्यांनी भाकीत केलं होतं – ही राज्य करणार, आणि हिच्यासोबतचा हिरो वर्षभरात विसरला जाणार. झालं उलटं. तो इतका मोठा झाला की आता कोपऱ्याकोपऱ्यावर जाहिरातीच्या फलकात घड्याळ घालून उभा आहे, तीन मजली. हिचे पुढचे दोन पिक्चर पडले. मग नर्स, शेजारीण, न्यायाधीश, मुख्याध्यापिका. एकदा तर नुसतं प्रेत. पण काय प्रेत! शॉट संपला तरी उठेना म्हणून मेकअपवाली रडायला लागली. हिचा डोळा लागला होता.

एक दिवस घरी बसली नाही. 'पुढे काय झालं' म्हणे!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काम आलं. मोठ्या पिक्चरमध्ये. एकच सीन, पण दिग्दर्शिकाबाई फोनवर म्हणाल्या, "काकू, सगळा पिक्चर ह्या सीनवर उभा आहे." धाकटा भाऊ खूप वर्षांनी परत येतो, थोरली बहीण त्याला दारातच अडवते. बस्स, एवढंच.

भाऊ कोण? तोच! घड्याळवाला.

मी उखडलोच. "अगं, तो तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पहिल्या पिक्चरमध्ये तुझ्यामागे झाडाभोवती पळत होता. आता तू त्याची थोरली बहीण?"

ही शांतपणे म्हणाली, "अहो, त्याने केस रंगवले, मी पिकू दिले. झाले मी मोठी."

८ फेब्रुवारी, रविवार

तालीम सुरू. म्हणजे ही दिवाणखान्यात उभी, आणि मी खुर्चीत बसून समोरच्याचे संवाद वाचणार. लग्न झाल्यापासूनची पद्धत. नोकरीभर मी बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केली, त्यामुळे माझा आवाज स्पष्ट आणि भावनेचा पत्ता नाही. हिला तेच हवं असतं. लग्नानंतर एकदा उत्साहात येऊन मी खलनायकाचा संवाद खर्जात म्हटला, तर हिने उशी फेकून मारली. "अहो, अभिनय करू नका! कोरडं वाचा. सगळं तुम्हीच केलंत तर मी काय करू?"

तेव्हापासून मी प्रियकर, डाकू, डॉक्टर, सगळे फलाटावरून सोडतो. कंसातल्या सूचनाही वाचतो – 'दचकतो', 'पाणी पितो' – म्हणजे समोरचा काय करतोय ते हिला कळतं.

आज लेक आली होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "बाबा, भाऊ घरी आलाय की गाडी लागलीये?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

पाठ झालं. हिचं आणि माझंही. गुडघा मात्र कुरकुरतोय – हिचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज शूटिंग. गुडघ्याचा पट्टा आणि थर्मास घेऊन मीही गेलो. जे झालं ते आजच लिहून काढतो.

आधी घड्याळवाल्या साहेबांचा चेहरा घेतला. कॅमेरा एका वेळी एकाकडेच बघतो. दुसऱ्याने कॅमेऱ्याच्या बाजूला उभं राहून आपले संवाद म्हणायचे, त्याला क्यू देणं म्हणतात. ही क्यू देतानाही जीव ओतते. कुणी बघत नसतं, तरी! "समोरच्याला तरी दिसतं ना," म्हणते. तर ही बोलायला लागली आणि साहेब अडखळले. पुन्हा घेतलं. पुन्हा अडखळले, खाली बघायला लागले. कसंबसं उरकलं आणि "पाठ भरून आलीये" म्हणत निघून गेले. हिच्या चेहऱ्याच्या वेळी क्यू द्यायला थांबले नाहीत! मोठी माणसं थांबत नाहीत म्हणे. रीतच आहे. मेली ती रीत!

मग क्यू द्यायला एक सहायिका उभी केली. चांगली पोरगी, पण हौशी. पहिल्याच वाक्याला हुंदका. दुसऱ्याला दोन. ही थांबली, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "माझे मिस्टर वाचतील."

मी! हातात थर्मास!

मी ठेंगू, म्हणून मला लाकडी खोक्यावर चढवलं. खोका डुगडुगत होता. सगळं युनिट बघतंय. घसा खाकरला आणि वाचलं, "ताई, दार उघड. मी आलोय." सुटली गाडी! मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

पण हिने माझ्याकडे बघितलं आणि हसणाऱ्याचं तोंड मिटलं. कडीवर हात तसाच ठेवून ही बोलत होती. रडली नाही, ओरडली नाही. दार उघडावं असं हातांना वाटतंय आणि तोंड नाही म्हणतंय – दोन्ही दिसत होतं. आणि तिथे मी माती खाल्ली. घरच्या सवयीने कंसातलंही वाचून टाकलं, खणखणीत – "थांबतो. डोळे पुसतो."

मला वाटलं, मेलो. आता सगळं पुन्हा. पण हिने ते ऐकलं, माझ्या कोरड्या डोळ्यांकडे बघितलं, आणि कडीवरचा हात सुटला. तसं कागदावर नव्हतंच! नुसता हात सुटला, आणि चेहरा असा झाला की मी पुढची ओळ विसरलो. पाठ असलेली ओळ!

'कट' म्हणायचं बाईंना भान नव्हतं. मग म्हणाल्या, "दुसरा टेक नको." प्रकाशवाले वर शिडीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. फिस्सकन हसणाऱ्याने येऊन मला खोक्यावरून हात धरून उतरवलं.

गाडीत ही म्हणाली, "कंस कशाला वाचलात?" मी म्हटलं, "चुकलं." तर म्हणे, "बरं झालं." आणि खांद्यावर डोकं टाकून झोपली. माझी छाती गाडीत मावत नव्हती.

१५ फेब्रुवारी, रविवार

चष्म्याच्या दुकानात गेलो. काडी ठीक होती. उगाच गेलो. "पिक्चर येतोय," म्हणून सांगून आलो.

२८ मार्च, शनिवार

वाईट बातमी. दिग्दर्शिकाबाई स्वतः घरी आल्या, एवढं त्यांचं चांगलं. सीन बहुतेक कापणार. निर्मात्यांचं म्हणणं, लांबी वाढतेय. चहा निवल्यावर बाई खरं बोलल्या. "काकू, दोघांचे चेहरे एकापाठोपाठ लावले की साहेब फिके पडतात. फार फिके. लोक पैसे साहेबांचे देणार."

म्हणजे काम वाईट झालं म्हणून नाही, चांगलं झालं म्हणून कापायचं! नाचता येईना अंगण वाकडं – तर अंगणच खणून टाकायचं!

मी तावातावाने बोलत होतो. ही गॅलरीतले कपडे काढून घड्या घालत होती. "अहो, काम झालंय. ते कुणी कापू शकत नाही."

हिचं खरं असेल. मला नाही पटत. हिला काही सिद्ध करायचं नाही, पण मला करायचंय. मी खोक्यावर उभा राहून जे बघितलं ते चष्मेवाल्याने बघावं, पेपरवाल्यांनी बघावं, एकदा तरी मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी बघावं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही मी.

२९ मार्च, रविवार

लेक म्हणाली, "बाबा, आईपेक्षा तुम्हीच जास्त रुसलायत." हो, रुसलोय.

९ एप्रिल, गुरुवार

सीनचं अजून काही कळलं नाही. ही एका जाहिरातीत आजी होऊन आली. म्हणाली, नातू फार गोड होता. तालमीला मीच नातू होतो.

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी फोन. त्याचाच! माझा आवाज ऐकून म्हणाला, "तुम्हीच ना कंस वाचणारे? मी गेलो नव्हतो. मॉनिटरमागे उभा होतो. पाठबीठ काही दुखत नव्हती हो... तिच्यासमोर उभं राहवेना." सीन कापू देणार नाही म्हणाला. सोमवारी स्वतःच्या चेहऱ्याचं शूटिंग पुन्हा करणार. अट एकच – क्यू हिनेच द्यायचा.

मग मी फोन हिला दिला. ठेवल्यावर ही विचारते, "अहो, बिचाऱ्यासाठी कोरडं वाचू का?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. होऊ दे पाठीचं काय व्हायचं ते!"