मालकच अध्यक्ष!

३ डिसेंबर १९६१, धाराशिव

झाली बुवा युनियन! आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये! मी काट्यावर कापूस मोजणारा, चार बुकं शिकलेला, म्हणून चिटणीस. खरं सांगायचं तर गरज काय होती? आण्णासाहेब मालक दिवाळीला कापड देतात, लग्नाकार्याला येतात. निजामाचे दिवस गेले. आता भांडायचं कुणाशी?

गंमत पुढंच. इंजिनवरचा म्हातारा गुंडाप्पा म्हणाला, "मालकांबिगर नारळ कोन फोडनार?" इथं यंत्राला नवा पट्टा चढवला तरी नारळ मालकच फोडतात. मग त्यांनाच बोलावलं! फेटा बांधून आले, नारळ फोडला आणि समोरच्या खुर्चीत बसले. खुर्ची एकच, तीही अध्यक्षासाठी ठेवलेली. उठा म्हणणार कोण? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या — मालकच अध्यक्ष!

४ डिसेंबर

घरी बायकोला, लीलाला, सांगितलं. भाकरी करपली तरी हिचं हसू थांबेना.

११ डिसेंबर

कमलबाईला कामावरून काढलं. यंत्रात कापूस घालायचं काम तिचं. शेडच्या खांबाला तान्ह्या पोरीची झोळी टांगली होती, ती मालकांनी पाहिली. "ह्यो कारखाना हाय, बाळंतिणीची खोली न्हाय!"

"घरी कुनी न्हाय, लेकरू कुनापाशी ठिवू?" म्हणत रडत गेली बिचारी. मला भयंकर राग आला. देवमाणूस म्हणतो आपण ज्याला, तो असा? घरी येऊन अर्ज लिहिला — कमलबाईला परत घ्यावं, झोळीसाठी बाहेर सावली करून द्यावी.

१२ डिसेंबर

अर्ज अध्यक्षांकडे नेला. त्यांनी शेरा मारला — "मागणी रास्त. मालकांकडे पाठवावी." लगेच खाली मालक म्हणून दुसरा — "नामंजूर." एकाच टाकानं! वर मलाच म्हणतात, "मी काय करनार, अंबादास? मालक न्हाय म्हनतो."

१४ डिसेंबर

गुंडाप्पाचा मेहुणा सिद्धलिंग आलाय. सोलापूरच्या गिरणीत असतो. सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, सोलापुरात हे कुठं बोलू नका. लोक हसून मरतील." गुंडाप्पा मान खाली घालून इंजिनला तेल घालायला गेला.

१७ डिसेंबर

सभा! मीच उभा राहिलो. म्हणालो, "अध्यक्षसाहेब, आमचे मालक काही केल्या ऐकत नाहीत. तुम्ही मोठी माणसं. त्यांना चार शब्द समजावून सांगा."

सगळ्यांच्या नजरा आण्णासाहेबांकडे. मग बायका पदराआड खुदखुदल्या आणि नंतर हशाच हशा! आण्णासाहेब लालबुंद. मला वाटलं, संपलं. पण तेही हसले! "सांगतो. पन लई हट्टी मानूस हाय त्यो." तिथंच खुर्ची सोडली, गुंडाप्पाला अध्यक्ष केलं आणि कमलबाईला निरोप धाडला.

१८ डिसेंबर

कमलबाई आली! लिंबाखाली तट्ट्याचा आडोसा केलाय, त्यात झोळी. पोरगी मस्त झोपली होती. बायकांनी गूळ-शेंगा वाटल्या. माझे डोळे भरून आले, उगाच त्यांत कापूस गेल्यासारखं केलं.

२२ डिसेंबर

वर्गणी मागायला गेलो तर जो तो हात झटकतो. "झालं की काम! आता युनियन कशाला?" मलाही तेच वाटतं. मालक एवढे दिलदार, मग आपण कशाला ताणायचं? गुंडाप्पाला म्हटलं, रविवारी युनियन बंदच करून टाकू. "रविवारी बगू," म्हणाला आणि इंजिनाकडं गेला.

२३ डिसेंबर

आज मालकांनी मला काढलं! कारण एवढंच — "त्या सभेपासनं लई हुशार झालास." पिशवी उचलून फाटकापर्यंत आलो, तोच मागं इंजिन थांबलं. भर हंगामात! वळून पाहतो तर शेडमधून सगळेच बाहेर येत होते. गुंडाप्पा सर्वांत पुढं, फडक्याला हात पुसत.

"चला अंबादासराव," म्हणाला, "सभेला कुठं बसायचं आपन?"