बाबांचं सर्वानुमते ठरलं

हामोची, सादो बेट
६ नोव्हेंबर

ती. सौ. मित्सुएताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो आणि तू फोन ठेवतेस, म्हणून यापुढे बाबांबद्दल जे बोलायचं ते कागदावर लिहायचं, म्हणजे राग संपायच्या आत हात दुखेल, असा तुझा हुकूम. हात दुखायला लागलाय. राग जागच्या जागी आहे.

बाबा बरे आहेत. ऑगस्टच्या झटक्यानंतर रुसलेला उजवा पाय आता काठीच्या धाकाने का होईना, चालतो. उजवा हात अजून कोणाचं ऐकत नाही. बोलणं सावकाश झालंय असं डॉक्टर गंभीर चेहऱ्याने सांगतात. आधी ते किती भडाभडा बोलायचे हे डॉक्टरांना कोणी सांगावं?

महिनाअखेर खाट रिकामी करा, असं इस्पितळाने कळवलंय. तिथून बाबा घरी येणार की र्योत्सूच्या वृद्धनिवासात जाणार, एवढाच प्रश्न आहे. तू म्हणालीस, आपण दोघांनी भांडू नये, जाणत्या लोकांना ठरवू दे, ते सांगतील तिथे मी सही करीन. तर ताई, जाणते लोक काल बोटीने आले. सरासरी वय बावीस. एकाला बोट लागली होती, तो अजून हिरवाच आहे.

आमच्या कॉलेजात तो एक वर्ग होता, आठवतो का? होणारे डॉक्टर, नर्स, व्यायामोपचारवाले, औषधवाले, सगळे एका टेबलाभोवती बसून रुग्णावर एकत्र उपचार कसे करायचे ते शिकतात. वर्गात कोणी सेन्सेई म्हणवून घेणारा डॉक्टरसाहेब नाही, सगळे सारखे, सगळ्यांच्या नावापुढे नुसतं साधं सान. आणि मग सगळ्यांनी सारखंच गप्प बसून डॉक्टर होणाऱ्याकडे बघायचं. त्याच वर्गात मी टेबल उलटं केलं आणि आठवड्याभरात कॉलेज सोडलं. तर तो वर्ग दर शरद ऋतूत एका खऱ्या रुग्णाकडे पाठवतात, आणि यंदाचा रुग्ण आहे कुसाकाबे गेनसाकु, वय एकाहत्तर, पर्सिमनच्या फळबागेचे मालक. म्हणजे मी वर्ग सोडला, पण वर्गाने मला सोडलं नाही. वर्ग घेणाऱ्या ओगाता बाई सोबत आल्यात, त्यांनी मला बघून वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, कुसाकाबे-सान, तुम्ही चांगले लक्षात आहात. मी म्हटलं, असेनच.

विद्यार्थी तिघं आहेत. डॉक्टर होणारा शिनोहारा (हिरवा तोच). व्यायामोपचाराचा दोइ, कपाटाएवढा आणि कपाटाइतकाच बोलका. आणि नर्सिंगची मियोशी अकिहो. मी टेबल उलटं केलं तेव्हा बाकीचे भिंतीला चिकटले होते आणि ही खाली बसून चिकटचिठ्ठ्या गोळा करत होती, रंगवार. कॉलेज मी तिच्यासाठी सोडलं नाही. पण सोडल्यावर कॉलेजातलं काही आठवलं असेल तर तेवढंच. याच्यापुढे तू विचारू नकोस, मी सांगणार नाही. तिचे केस आता छोटे आहेत.

उद्या सभा. मी आवाज चढवणार नाही. तुला वचन दिलंय म्हणून, आणि ती समोर असेल म्हणून. कोणतं कारण मोठं ते तू ठरव.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास की सोबत उपदेशही वाढतो.

तुझा,
रेइजी

*

सेंदाई
९ नोव्हेंबर

चि. रेइजीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तीन पानांत बाबांना दोन परिच्छेद आणि एका मुलीच्या केसांना एक वाक्य, पण त्या वाक्यातलं अक्षर सगळ्यात सुवाच्य. तुझं अक्षर सुधारायला काय लागतं ते कळलं.

सभेत तू गप्प बसलास असं धरून चालते. बसलास ना? तुला वाटतं रागावणं म्हणजे खरं बोलणं. ते तसं नसतं.

रविवारी बाबांशी फोनवर बोलले. त्यांना वृद्धनिवासाचं विचारलं, तर म्हणाले, चांगलंय, जेवण गरम असतं म्हणतात. एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला, मग मी अजून खोदलं नाही. तेव्हा त्यांच्या मनात काय आहे याची काळजी नको.

आणि दुसरं. तू बावीस वर्षांचा आहेस. बापाला आंघोळ घालणं, रात्री-अपरात्री उठवून नेणं, वर बागेचं काम. हे तुझ्याने होणार नाही आणि तुला ते नको असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तू तोंडाने म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणते. माझ्याकडून तुला मोकळीक आहे. निवासाचा अर्ज मी भरून ठेवलाय.

पेटी मिळाली. पर्सिमन गोड आहेत. शेजारणीला चार दिले, तर ती तुझ्या लग्नाचं विचारत होती. मी म्हटलं, मुलाचा हात टेबल उलटण्यात बसलेला आहे.

जेवत जा. रागाने पोट भरत नाही. आशीर्वाद आहेतच, ते मागायला पत्र लागत नाही.

तुझी,
ताई

*

हामोची
१३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न.

तुझं पत्र सभेनंतर मिळालं, ते बरं झालं. आधी मिळालं असतं तर मी अजूनच शहाण्यासारखा वागलो असतो.

सभा कशी झाली ते ऐक. प्रत्येकाला रंगीत बंडी. डॉक्टर तांबडी, नर्स निळी, व्यायाम पिवळी. मला हिरवी, पाठीवर छापलंय: कुटुंब. मी कुटुंब घालून बसलो. मधोमध मोठा कागद, त्यावर वर्तुळ, वर्तुळात बाबांचं नाव आणि शेजारी हसरा चेहरा. कारण रुग्ण हा संघाच्या केंद्रस्थानी असतो. स्वतः रुग्ण त्या वेळी खालच्या मजल्यावर चेंडू दाबत होता. तो दमेल, म्हणून त्याला बोलावलं नव्हतं.

मग चिठ्ठ्या चिकटवल्या. दोइने लिहिलं, पायरी उंच. अकिहोने लिहिलं, न्हाणीघर खोल. शिनोहाराने लिहिलं, पुन्हा झटक्याची शक्यता. हे तिघं आदल्या दिवशी आपल्या घरी येऊन सगळं मोजून गेले होते. शिनोहाराने तर स्वयंपाकघराच्या चौकटीची उंची कपाळाने मोजली. मग शिनोहारा अतिशय नम्रपणे म्हणाला की एकंदरीत बघता निवासाकडे कल दिसतोय, अर्थात सगळ्यांचं मत महत्त्वाचं. अकिहो म्हणाली, तसं बघितलं तर हो. दोइने मान डोलावली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला तुला दिलेलं वचन आठवलं, तिचे केस आठवले, मी दात आवळून म्हटलं, आपण म्हणाल तसं. ओगाता बाईंनी टाळ्या वाजवल्या. इतक्या लवकर एकमत झालेला संघ त्यांनी क्वचितच पाहिला होता.

बाहेर आलो तेव्हा माझे जबडे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी पोरं बागेत मदतीला आली. तोडणी संपत आलीये आणि बाबांशिवायची ही पहिलीच. दोइ माझ्यासोबत ट्रकवर पेट्या चढवत होता. चौथ्या का पाचव्या पेटीला तो अचानक म्हणाला, वाईट वाटतं. दाराशी एक कठडा, न्हाणीत एक, आणि पायरीखाली एक फळी. तुमचे बाबा घरी राहू शकले असते. मी पेटी खाली ठेवली. म्हटलं, मग काल जीभ घरी ठेवून आला होतास का? तो म्हणाला, नर्सिंगचा विरोध दिसला. भार शेवटी त्यांच्यावर पडतो, मी कोण बोलणार?

मी अकिहोकडे गेलो. ती झाडावर होती. खालूनच विचारलं. ती म्हणाली, माझा विरोध? मला तर त्यांनी घरीच जावं असं वाटत होतं. पण डॉक्टरांच्या बाजूने धोका दिसत असेल तर मी काय म्हणून मध्ये पडू?

शिनोहारा सावलीत पर्सिमन खात बसला होता. तो म्हणाला, धोका आहे, पण तो निवासातही तितकाच आहे. मी निवास म्हटलं ते तुमच्याकडे बघून. कुसाकाबे-सान, तुमचा चेहरा असा होता की बाप घरी आला तर हा समुद्रात उडी घेईल.

ताई, आम्ही चौघं तिथे उभे होतो आणि एकालाही बाबा निवासात जायला नको होते. सगळ्यांनी मिळून, एकमेकांचा मान राखून, कोणालाच नको ते ठरवलं होतं. संघाने काम करणं ते हेच असेल, तर मी एकच टेबल उलटं करून कॉलेज सोडायची फारच घाई केली. अजून दोनचार करायला हवी होती.

ट्रक घेऊन तसाच इस्पितळात गेलो. बाबांना विचारलं, तुम्हाला कुठे राहायचंय? मी या वेळी थांबलो, मध्ये शब्द पुरवला नाही. मग ते म्हणाले, मित्सुएने ठरवलंय. तू सुटशील म्हणते. मग मी तिला बरं म्हटलं.

म्हणजे तूसुद्धा, ताई. तुला मी सुटायला हवाय असं वाटलं, बाबांना तुझ्या मनासारखं व्हायला हवंय असं वाटलं, आणि गरम जेवणाचं त्यांनी तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं.

मी इस्पितळाच्या वऱ्हांड्यात ओगाता बाईंना गाठलं आणि आवाज चढवला. वचन मोडलं. एक परिचारिका पळत आली. बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाल्या, फार मोलाचं शिक्षण झालं. या बाईंसमोर घराला आग लागली तरी त्या ती टिपून घेतील. पण सभा पुन्हा ठेवलीये, सोमवारी, बाबांसकट.

आता तू सांग. माझा चेहरा इथून तुला दिसत नाही, तेव्हा तो बघून सांगू नकोस. तुला काय हवंय?

उत्तराची वाट बघतोय. आशीर्वाद नंतर पाठवलेस तरी चालतील.

रेइजी

*

सेंदाई
१५ नोव्हेंबर

चि. रेइजीस,

आज आशीर्वाद शेवटी.

तुझं पत्र वाचून मी आधी तुझ्यावर चिडले, मग बाबांवर, मग हात धुवायला गेले आणि तिथे बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिले. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. बघ, आमच्या घरीही तेच.

मला बाबा घरी हवेत. निवासात त्यांना कोणी पर्सिमनचा भाव विचारणार नाही.

पण तू मोकळं विचारलंस, म्हणून मोकळंच सांगते. मी अर्ज भरला तो तुला मोकळं करायला, हे निम्मंच खरं. उरलेलं निम्मं असं, की तू सोडून देतोस. कॉलेज सोडलंस, त्याआधी बंदरावरची नोकरी सोडलीस. चिडतोस आणि निघून जातोस. ऐन हिवाळ्यात, बोटी बंद असताना, तू बाबांवर चिडून निघून गेलास तर मी सेंदाईहून काय करू? याची भीती मला कधीपासून आहे. तुला लागेल म्हणून बोलले नाही.

सोमवारच्या सभेत माझ्या वतीने एवढं सांग: मदतनीस रोज हवी, आठवड्यातून तीनदा त्यांना दिवसभरासाठी वृद्धांच्या केंद्रात न्यायचं, आणि अर्ज मी मागे घेते, पण फाडत नाही.

त्या मुलीलाही एकदा सरळ विचारून टाक. इतकं सगळं विचारतोच आहेस तर.

आता घे आशीर्वाद.
ताई

*

हामोची
२५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा घरी आले. परवा दुपारी. बाकीचं क्रमाने.

सोमवारी सभेत बाबांना चाकाच्या खुर्चीवरून आणलं. त्यांच्यासाठी बंडी उरली नव्हती, म्हणून ओगाता बाईंनी माझी काढून त्यांना दिली. पाठीवर कुटुंब लिहिलेले बाबा. मग भांडण झालं, ताई. खरं भांडण. शिनोहारा म्हणाला, घरी न्या, पण पहिल्या महिन्यात मला झोप लागणार नाही, हे मी इथे सांगून ठेवतो. दोइ म्हणाला, फळी बसेपर्यंत नेऊ नका, म्हणजे नेऊच नका. मी तुझ्या अटी वाचून दाखवल्या. फाडत नाही हेसुद्धा. बाबांनी तिथे मान डोलावली.

अकिहो म्हणाली, मुलाची इच्छा आहे हे ठीक, पण त्याला येतंय का ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आणि तिने मला दोइला खाटेवरून खुर्चीत बसवून दाखवायला सांगितलं. आम्ही दोघं जमिनीवर. तिने उभ्या उभ्या माझ्या प्रत्येक चुकीचं नाव घेतलं. बाबा हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा, आणि मी पडल्यावर. पुढचे चार दिवस मी रोज दोइला उचलत होतो. हिवाळाभर घरी, वसंतात पुन्हा बघायचं, असं ठरलं. कोणालाच ते पूर्ण पसंत नाही, आणि प्रत्येकाला का नाही ते बाकीच्यांना तोंडपाठ आहे.

तुझ्या भीतीबद्दल. दोन दिवस उत्तर जुळवत होतो, तुला खोटं पाडेल असं. जमलं नाही. मलाही तीच भीती आहे. मी चिडून निघून जाणार नाही असं वचन देत नाही, माझ्या वचनांचा भाव तुला माहीत आहे. एवढंच सांगतो: पळावंसं वाटेल त्या दिवशी पळायच्या आधी तुला फोन करीन. ओरडेन. तू ठेवू नकोस.

आता तिचं. बोटीवर चढण्याआधी मी तुझा सल्ला मानून तिला सरळ विचारलं. शिनोहारा आणि दोइ चार पावलांवर, पण मी आता आडपडदा ठेवत नाही. ती म्हणाली, नाही. ‘विचार करते’ असं नाही, ‘अभ्यास आहे’ असं नाही, ‘सध्या तरी नको’ असंही नाही. नुसतं नाही. मग वाकून नमस्कार केला आणि चढली. एवढ्या सगळ्या शिक्षणातून इतकं स्पष्ट बोलायला शिकलेली ती एकटीच निघाली, आणि तिने ते नेमकं माझ्यावर वापरलं. शिनोहाराने मला धक्क्यावरच्या विक्रीयंत्रातून गरम कॉफीचा डबा काढून दिला आणि काही बोलला नाही. पहिल्यांदा त्याचं गप्प बसणं उपयोगी पडलं.

ओगाता बाई यावर परिषदेत भाषण देणार आहेत. माझा उल्लेख कुटुंबातील सदस्य असा असेल.

सोबत बाबांची चिठ्ठी. डाव्या हाताने लिहिलीये, सकाळभर लागली. मला वाचू दिली नाही, पाकिटही त्यांनीच जिभेने चिकटवलं.

लोभ असू दे, यापुढे थोडा वाढलेला चालेल.

तुझा,
रेइजी

*

मित्सुए,

घरी आहे. पोरगा रस्सा खारट करतो. त्याला तसं सांगितलं. त्याने भांडं आदळलं, मग पाणी घातलं.

मागे तू विचारलंस नव्या वर्षाला येऊ का. मी म्हटलं, बोटीला लाटा असतात, दगदग करू नको. दर वर्षी तेच म्हणतो.

ये. मला तू यायला हवी आहेस.

हात दमला.

बाबा