पाय वर जातात तेव्हा

आबा, माझा ड्रायसूट आज गॅलरीत पाय वर, डोकं खाली असा वाळत टांगलाय. तो असाच वाळवायचा असतो. शेजारच्या वहिनींनी सकाळी बघितला आणि विचारलं, "हे कोण लटकलंय तुमच्यात?" त्या हसल्या, मीही हसले, पण तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. परत जाऊन त्या सुटाकडे बघते. शेवटी तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात शिकत होते, आता इथेच कोल्हापुरात शिकवते. समुद्रातलं शेवाळ हा माझा विषय. ते बघायला मी मालवणला जाऊन पाण्याखाली उतरायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आता एका थंड समुद्राच्या पाहणीसाठी बोलावणं आलंय. तिथलं पाणी इतकं गार, की ते अंगाला लागूच न देणारा हा सूट घालावा लागतो. आत कोरडे कपडे आणि कपड्यांभोवती हवा. सगळी भीती त्या हवेची. सपाट, आडवं राहिलं तर ती पाठीवर पसरून राहते. पाय जरा वर गेले की ती पायांकडे धावते, बूट फुगतात, पाय आणखी वर जातात, आणि हवा सोडायचा व्हॉल्व्ह दंडावर, म्हणजे खाली राहिल्यामुळे तिथून काही सुटत नाही. माणूस पायांकडून वर खेचला जातो, आणि खोलातून असं झपाट्यानं वर येणं जिवावर बेतू शकतं. तिकडे सरावाला गेले तेव्हा माझं हेच झालं. शिकवणाऱ्या बाईंनी माझा पाय धरून मला थांबवलं. बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळीही पाय आवरले नाहीत तर तुम्हाला पाहणीला नेता येणार नाही. त्या बोलत होत्या आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता.

"तुला पाय सांभाळता येत न्हाईत."

कोडोलीची आपली विहीर, मे महिना. तोंडाला डाग देऊन हवाबंद केलेला तेलाचा रिकामा डबा पाठीला बांधून भावकीतली सगळी पोरं पोहायला शिकलेली. दोर काखेत काचतो म्हणून मी रडते, तर तुम्ही डबा खाली, कमरेला बांधता आणि दोर सैल ठेवता. मी उडी मारते. दोर घसरतो, डबा गुडघ्यांपाशी अडकतो, माझे पाय वर आणि डोकं खाली. हिरवं पाणी. मी पाय झाडतेय, झाडतेय. मग तुमचा हात. पायरीवर मी खोकत असताना तुम्ही ते वाक्य बोललात. दुसऱ्या दिवशी डबा गोठ्यातल्या खुंटीला अडकवलेला दिसला. त्यानंतर तुम्ही मला कधी विहिरीवर चल म्हणाला नाहीत. चुलतभावांना काका न्यायचे. मी दर उन्हाळ्यात वाट बघायचे, आबा. तुम्हाला माझी लाज वाटली असंच मी धरून चालले, आणि त्याच रागानं पुढं समुद्रात उतरले.

परवा मालवणची माझी सहकारी हवेचे सिलिंडर गाडीत घालून आली आणि आम्ही दोघी कोडोलीला गेलो. विहिरीवरची मोटर बंद करून घेतली. मी सूट चढवला. तिनं आधी माझ्या कमरेचा, पाण्यात खाली जाता यावं म्हणून बांधायचा शिशाच्या वजनांचा पट्टा तपासला. भीतीपोटी मी शिसं जास्त लावते. जास्त शिसं म्हणजे तरंगायला सुटात जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे पायांकडे धावायला मोठा फुगा. तिनं पट्ट्यातली बरीच वजनं काढून काठावर मांडली आणि त्यांतली दोन लहानशी माझ्या घोट्यांना बांधली. काकी म्हशीला वैरण टाकून बघायला आली होती. माझ्या पाठीवरचं सिलिंडर बघून म्हणाली, "ह्ये काय गं, उसाला औषध मारायला आलीस व्हय?"

पाय वर गेलेच तर झाडायचे नसतात. गुडघे पोटाशी घ्यायचे, कोलांटी मारल्यासारखं फिरून डोकं वर आणायचं, हवा खांद्याकडे आली की सोडायची. मला हे पाठ आहे. पण पाण्यात मी पायच झाडले. सहकारीनं धरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, तीच पायरी. बुटांत हवा गेली की माणूस उलटा होतो, असं सहकारी काकीला समजावून सांगत होती. काकी दोन पायऱ्या उतरून माझ्याजवळ आली.

मग म्हणाली, "आबांनी बी असंच केलतं की. तू बुडता बुडता वाचलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. डबा गुडघ्याला बांधून उडी टाकली."

मी विचारलं, कशाला?

"पोरीला काय झालतं ते बघतो म्हनालं. येतंय कुठलं सरळ व्हायला? तुझ्या काकानं वडून काढलं. नुसतं थरथरत हुतं. पोरगी लई भ्याली असंल, एवढंच बोललं, आनि डबा अडकवून टाकला."

इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, तर म्हणे, तू कवा इचारलंस?

आता या रागाचं काय करू, आबा? तो माझ्या इतक्या कामी आलाय. पुढच्या आठवड्यात परत जायचंय. तिथं जमेल की नाही, खरंच माहीत नाही. हा कागद सुटाच्या पिशवीत घालणार नाही, टेबलाच्या खणातच राहू दे.

एक मात्र मी सहकारीलाही सांगितलेलं नाही. काकीचं ऐकून मी पुन्हा उतरले आणि मुद्दाम पाय वर जाऊ दिले. गुडघे पोटाशी घेतले असते तर या वेळी सरळ झाले असते, ते अंगाला कळलं होतं. सहकारी खुणा करत होती. पण मी पंपाच्या पाइपला धरून तशीच राहिले, पाय वर, डोकं खाली. माझ्या तोंडात नळी होती, श्वास चालू होता. तुम्हाला तिथून काय दिसलं असेल, ते बघत राहिले.