जागेश्वर महाराजांचा चौथा राजीनामा

८ जानेवारी १९७९, सोमवार
आज शहात्तर पूर्ण. निर्णय झाला. मठाची गादी सोडायची. एकेचाळीस वर्षे पुष्कळ झाली. वक्त्याने लोकांना हवाहवासा असतानाच उठावे.
कालच्या प्रवचनाचा विषय दारूबंदी. दोन तास चाळीस मिनिटे बोललो. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो अजून. शेवटची ओळ हल्ली तिसरी असते. बाकीची मंडळी कोराडीच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये, नाहीतर सदरला सिनेमाला. संख्येला मी कधीच महत्त्व दिले नाही. (एकोणीस. पेटीवाला धरून.)
घरी आल्यावर अनुसया म्हणाली, राजा आन् कोळ्याची गोष्ट तुम्ही दोनदा सांगितली. मी म्हटले, ठसावी म्हणून. ती म्हणाली, पयल्या खेपी राजा मेला, दुसऱ्या खेपी कोळी मेला, आता लोकायनं काय ठसवून घ्यावं?
त्रेपन्न वर्षे संसार केला, पण तिला रूपक कळत नाही.

१२ जानेवारी, सकाळ
राजीनामा म्हणजे काय, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. राजीनामा म्हणजे जाणे नव्हे. आपण गेलो तर काय होईल, हे समाजाला एकदा दाखवून देणे.
आधीचे तीन. ७१ साली बाया रडल्या, मठाचे अध्यक्ष रुपराव यांनी पाय धरले, दोन तास सोडले नाहीत. ७४ साली पाय धरले, अर्धा तास. ७६ साली उभ्यानेच हात जोडले. गुडघे दुखत होते त्यांचे.
तिन्ही वेळा लोकांच्या आग्रहापुढे मी नमलो. या वेळी लगेच नमायचे नाही. निदान एक दिवस.
निरोपाचे भाषण माघ सप्ताहात, काल्याच्या दिवशी. संकल्प: दहा पाने, जास्त नाही.

१६ जानेवारी
चौतीस पाने. कमी करण्यासारखे काहीच नाही. गादी सोडून कोबी लावणारा रोमन सम्राट सातव्या पानावर आला आहे. जबरदस्त जागा आहे. इथे लोकांना रडू फुटेल.
अनुसयेला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. नवव्या पानाला उठली. तांदूळ संपले म्हणे.

२० जानेवारी, शनिवार
रुपरावांना घरी बोलावून विश्वासात घेतले. मी थकलो आहे, शरीर साथ देत नाही, या वेळी नक्की. आवाज मुद्दाम खोल लावला.
रुपरावांनी मान डोलावली. मग म्हणाले, बराबर हाये महाराज. तुमाले आरामाची गरज हाये.
गळा दाटून आला की माणूस असे थोडक्यात बोलतो. डोळेही पुसले. (जन्मभर मागावर सूत हाताळल्याने त्यांचे डोळे चुरचुरतात, हे खरे. पण आज जास्त पुसले.)
जाताना दारात विचारले, भाषण किती वाजता ठेवू? पंगतीचं पाहा लागते.
मागे कोण, असा विषय मीच काढला, त्यांची अडचण व्हावी म्हणून. ते म्हणाले, गिरिधर हाये नं.
गिरिधर! आपल्या श्रावण विणकराचा पोरगा. घरचे माग मोडल्यावर कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर झाला. वय चव्वेचाळीस. मीच त्याला पोथी वाचायला शिकवली. मी आजारी असलो की तो बोलतो. वीस मिनिटे! अध्येमध्ये लोकांना विचारतो, तुझी माय कशी हाये गा, पोरगी पास झाली का वं? याला प्रवचन म्हणत नाहीत. याला विचारपूस म्हणतात.
एकूण भेट उत्तम. रुपराव हादरलेले दिसले.

२७ जानेवारी
घशासाठी ज्येष्ठमध. गुडघ्यांना तेल. पाने पाठ करतो आहे. पहिली सहा येतात. सातवे येते. आठव्यावर गेलो की पहिले जाते.
अनुसयेला विचारले, मी खरेच सोडले तर तुला कसे वाटेल? म्हणाली, रविवारी चार वाजता मले कधी झोप भेटली नाही आतापर्यंत.
दुःख लपवायची तिची रीत.

१ फेब्रुवारी, गुरुवार
सप्ताह बसला. सात दिवस अखंड नाम, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. जमिनीला टेकायची नाही.
शिस्त माझीच आहे, १९३८ची. वीणेकऱ्याने वीणा पुढे केली की समोरच्याने ती घ्यायची. विचारायचे नाही, नाही म्हणायचे नाही, ‘आधी तुम्ही’ नाही. एकमेकांच्या पाया पडायचे आणि भजन पुढे. या शिस्तीपायी मी एकदा एका तहसीलदाराच्या गळ्यात वीणा घातली होती. दोन तास उभा होता बिचारा.
वीणेच्या पहाऱ्याची यादी म्हातारा धोंडबा करतो. पूर्वी माझा पहारा चार तासांचा असे. यंदा अर्धा तास, दुपारी. शेजारी स्टूल. मी कडाडलो, हे स्टूल कोणी ठेवले? धोंडबा म्हणाला, मीनं ठेवलं महाराज, तुमी नका बसू, माह्यासाठी राहू द्या. मी म्हटले, राहू दे मग.
त्याला वाईट वाटू नये म्हणून थोडा बसलो. पंचवीस मिनिटे.

५ फेब्रुवारी
मोठी कल्पना सुचली. भाषण वीणा गळ्यात घेऊनच करायचे. सातव्या पानावर, सम्राटाचा दाखला दिल्याबरोबर, वीणा गळ्यातून काढायची, दोन्ही हातांनी पुढे धरायची आणि गर्जना करायची: एकेचाळीस वर्षे हा भार मी वाहिला! आज हा उचलायला कोण पुढे येतो?
कोणाची छाती होणार नाही. शांतता. मग हुंदके. मग रुपराव (गुडघे बरे असले तर). मग मी वीणा परत गळ्यात घालणार आणि उरलेली सत्तावीस पाने.
किती वर्षे कबूल करायची? पाच. १९८४ला पुन्हा विचार करू.

८ फेब्रुवारी, काल्याचा दिवस. दुपार
सविस्तर लिहायला हवे. हात दुखतो आहे. थोडक्यात लिहितो.
मंडप भरलेला. बाया उमरेडहूनसुद्धा आल्या होत्या. सुरुवात छान. हुंडा घेणाऱ्यांना झोडपले, गंडेदोरे विकणाऱ्यांना झोडपले. आतून जाळ उठत होता, पूर्वीसारखा. पाचवे पान सापडले नाही. सहाव्यावर उडी मारली, कोणाला कळले नाही. सातवे. सम्राट. कोबी. वीणा काढली, पुढे धरली. गर्जना केली.
समोर गिरिधर होता. रात्रपाळी करून बसने थेट आलेला, चपलांना कोळशाची राख तशीच. तो उठला, पुढे आला आणि त्याने वीणा घेतली.
विचारले नाही. ‘आधी तुम्ही’ नाही. गळ्यात घातली, माझ्या पायावर डोके ठेवले. मग तो उभा राहिला. आता मी वाकायला हवे होते. शिस्त! चारशे माणसे बघत होती. वाकलो. त्यानेच मला कोपराला धरून वर घेतले आणि कानात म्हणाला, महाराज, लय वेळ उभे राहिले तुमी. बसा.
मी म्हणणार होतो, अरे, हा प्रश्न होता! तेवढ्यात धोंडबाने टाळ वाजवला, आणि मंडप गायला लागला. असे गाणे या मठात मी बऱ्याच वर्षांत ऐकले नव्हते. सत्तावीस पाने माझ्या हातात.
हुंदके नाहीत. रुपराव डोळे मिटून गात होते. स्टुलावर बसलो. फार बरे वाटले. गुडघ्यांना, म्हणजे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
लोकांना धक्का बसला आहे. भानावर यायला एक रात्र जाईल. उद्या येतील.

९ फेब्रुवारी
अनुसयेला तीस माणसांचा चहा टाकायला सांगितले. तिने दोन कप टाकला.
कोणी आले नाही. पंगतीची भांडी घासत असतील.

११ फेब्रुवारी, रविवार
रुपराव एकटेच आले. आता पाय धरतील म्हणून मी पाय जरा पुढे घेतले. त्यांनी चादर आणली होती, घरच्या मागावरची, जाड. पायावर घालून दिली. म्हणाले, थंडी हाये महाराज. तुमी आमच्यासाठी लय वरडले.
मग म्हणाले, ७१ सालीच तुमाले सोडाले पाहिजे होतं. आमीच धरून ठेवलं. आमचंच चुकलं.
मी पाय चादरीखाली मागे घेतले.

१८ फेब्रुवारी, रविवार. रात्री नऊ
चार वाजता अनुसयेने लुगडे बदलले. मी म्हटले, आता तरी झोप की. म्हणाली, जाऊन पाहतो, पोरगं कसं बोलते. येता का?
गिरिधरच्या चुका टिपायला कोणीतरी हवेच. वही घेतली. शेवटच्या ओळीत बसलो. शेवटची ओळ चौदावी होती. तिथून गादी फार लांब दिसते, हे मला माहीत नव्हते.
पाच वाजले, प्रवचनाची वेळ झाली. गादी रिकामी. लोक दाराकडे बघत होते. दोघातिघांनी वळून मला नमस्कार केला आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. मी एकदा उठायच्या बेतात होतो. सम्राटाचा दाखला तयार होता.
शेजारी एक बाई येऊन बसली, कडेवर लेकरू, नवीन असावी. मला म्हणाली, आजोबा, लय दूरून आली मी. महाराज येते का नाई आज?
मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत होती.
म्हटले, येतील. बस कोराडीहून येते त्यांची. उशीर होतो कधी कधी.
ती म्हणाली, मंग जरा सरका नं, लेकराले जागा होईन.
सरकलो.