पाटी केबिनची आहे

२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायला आज हात उठत नाही. आपला रणगाडा, म्हणजे बाबांचा ट्रक, बसला. परवा वरच्या वस्तीचं धान्य भरून निघाले होते. चौथ्या वळणावर तिसरा गिअर टाकला, खालून कडकड आवाज आला आणि मग गिअरचा दांडा हातात नुसताच डुगडुगायला लागला. वस्तीची माणसं खाली आली आणि पोती डोक्यावरून घेऊन गेली. मी गाडी ब्रेकवर इंच इंच मागे उतरवली.

मिस्त्रीकाकांनी गिअरबॉक्स उघडला. आतला शाफ्ट तडकलाय, चाकांचे दाते तेलात सांडलेत. दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय म्हणाले, दुसराच हवा. या जातीचा लष्करी ट्रक आमच्या बाजूला दुसरा नाही. तुझ्या ऑफिसच्या वाटेवर मात्र लष्कराच्या लिलावातला माल विकणारं ते मोठं आवार आहे. तिथे असे गिअरबॉक्स ढिगाने पडलेले असतात.

सोबत पुठ्ठ्याची गुंडाळी पाठवते. इंजिनच्या तोंडावर काळं तेल फासून त्यावर पुठ्ठा दाबला आणि छाप उमटली तिथे भोकं कापली. आतच एक काठी आहे, तिच्यावर शाफ्टची लांबी खुणेने दाखवली आहे. शाफ्टवर खाचा दहा आहेत, तीनदा मोजल्या. ज्याच्या तोंडावर हा पुठ्ठा चपखल बसेल तोच गिअरबॉक्स घे. केबिनमधल्या पाटीवरचा नंबर बघू नकोस. विकण्याआधी लष्कराच्या वर्कशॉपने इंजिन बदललं, गिअरबॉक्सही त्याच्यासोबतचा बसवला. पाटी मात्र जुनीच राहिली.

आपल्या बोलीची आठवण मलाही आहे. बाबांच्या मागे गाडी दोघांच्या नावावर, आणि तुला ती विकायची आहे. महिनाभर बंद पडली तर विक्रीच्या कागदावर सही करीन, असं मी रागाच्या भरात म्हणाले होते. शब्द दिला तो दिला. दोन मार्चपर्यंत वेळ आहे. तेरा वर्षं मी ही गाडी चालवतेय, दादा. दुसरं काही मला येत नाही आणि शिकायचंही नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे, तो या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. घाबरू नकोस, तुझं काम झालं. काल आवारात जाऊन आलो, आज गिअरबॉक्स ट्रान्सपोर्टने रवाना केला. चार-पाच दिवसांत हातात पडेल.

पाटीवरचा नंबर माझ्या वहीत होताच, त्यावरूनच घेतला. तू खाचा दहा म्हणतेस, पण या जातीला सहाच असतात. आवारातल्या पुस्तकात छापलेलं आहे, मी स्वतः पाहिलं. गाडीखाली उताणं पडून तेलात मोजताना माणसाची चूक होते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मी बावीस वर्षं भांडारात नंबराला नंबर जुळवतोय. हे काम माझ्यावर सोड.

खरं सांगू का, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसाने ट्रकखाली झोपायचं म्हणजे आम्हाला इथे घास गोड लागत नाही. बोलीची आठवण करून देतोय असं समजू नकोस. पण दिलीच आहेस तर तीही ध्यानात ठेव.

तुझ्या वहिनीची कंबर बरी आहे. प्रकृतीला जप आणि या थोरल्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


१७ फेब्रुवारी

दादा,
नमस्कार.

गिअरबॉक्स आला. आम्ही चौघांनी तो टेंपोतून उतरवला, गोणपाट सोडलं आणि मी आधी खाचा मोजल्या. सहा. तरी मनाची समजूत म्हणून इंजिनपाशी नेऊन धरला. वरची दोन भोकं जुळतात, खालची अंगठाभर सरकलेली. शाफ्ट दोन बोटं आखूड. क्लच प्लेट त्याच्यावर बसत नाही, गरागरा फिरते. मिस्त्रीकाका नुसते हात पुसत बसले. त्यांनी बोलायला हवं होतं, मग मला गप्प राहता आलं असतं.

पाटी केबिनची आहे, दादा. गिअरबॉक्सची नाही. मी हे लिहिलं होतं. मराठीत लिहिलं होतं. दहा खाचा लिहिल्या, तीनदा मोजल्या हेही लिहिलं, कारण एकदा मोजल्या म्हटलं तर तू मानणार नाहीस हे मला ठाऊक होतं. लहानपणी माझी गणितं बरोबर यायची आणि तू ती खोडून पुन्हा मांडायचास. उत्तर तेच यायचं. तेव्हा तू पाठ थोपटायचास, स्वतःची.

आता स्पष्ट विचारते. हे मुद्दाम केलंस का? चुकीचा माल पाठवायचा, महिना घालवायचा आणि मग आशीर्वादासकट विक्रीचा कागद पुढे करायचा? तसं असेल तर एका ओळीत कळव. वस्तीतली माणसं पोती वाहून मानेने वाकडी झाली आहेत. काल शाळेच्या बाई आजारी मुलीला पाठुंगळी घेऊन उतरल्या आणि माझ्या बंद गाडीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना तुझं पुस्तक दाखवू का?

वहिनींवर माझा राग नाही. तुझ्याबद्दल आज काही लिहिण्यासारखं नाही.

बहीण


२१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी केली आणि ऑफिसला गेले. मग मी वाचलं. माफ करा, पण बरं झालं वाचलं.

यांनी मुद्दाम केलेलं नाही. तुमची गुंडाळी कपाटावर होती, सुतळीसकट. उघडलीच नाही. मी तीनदा आठवण केली, तर म्हणाले, ते तिचं पुठ्ठ्याचं काम नंतर बघू. मी खुर्चीवर चढून ती काढली, टेबलावर पसरली आणि मला रडू येईल असं वाटलं होतं. राग आला. इतक्या नीट कापलेल्या भोकांकडे कोणी बघितलं नाही म्हणून.

तशीच आवारात गेले. तिथल्या माणसाला वाटलं मी जुना पंखा विकायला आलेय. मी म्हटलं गिअरबॉक्स बघायचाय, तर त्याने आधी घरी पुरुषमाणूस नाही का असं विचारलं. मी म्हटलं आहे, म्हणूनच मी आलेय. मग मात्र तो हसला आणि पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरायला आला. ओळीने एकेकावर धरत गेलो. दहा झाले, कुठे ना कुठे भोक चुकायचं. अकरावा गवतात उपडा पडला होता. पुठ्ठा ठेवला तो जणू तिथूनच कापलेला. काठीची खूण जुळली. खाचा मी मोजल्या, चारदा, तुमच्यापेक्षा एकदा जास्त. दहाच. तो आजच निघालाय.

यांना मी सांगितलेलं नाही. विचारतील तेव्हा सांगीन. विचारायची सवय नाही त्यांना, तेव्हा वेळ लागेल.

मी इथे तुमचीच आहे, हे धरून चाला.

वहिनी


१ मार्च

तीर्थरूप दादास,
नमस्कार.

काल गाडी वर गेली. तीन फेऱ्या केल्या. चौथ्या वळणावर तिसरा गिअर असा अलगद पडला की मला क्षणभर दांड्याकडे बघावं लागलं. पोचल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे पोती उतरवायला धावले. तेच बरं वाटलं.

गिअरबॉक्स वहिनींनी शोधला. त्यांनी तुला अजून सांगितलं नसेल, तर आता मी सांगते. तू मुद्दाम केलं नाहीस हेही त्यांच्याकडूनच कळलं. दादा, मुद्दाम केलं असतंस तर मला कमी लागलं असतं. निदान माझी मोजमापं बरोबर आहेत एवढं तरी त्यासाठी तुला मानावं लागलं असतं. तू तर सुतळीही सोडली नाहीस.

आता माझं ऐक. गाडी बंद राहिली असती तर मी सही करणार होते. ती चालू झाली, म्हणजे सही तुझी. बोली एकाच अंगाची नसते. बाबांच्या गाडीतला तुझा वाटा माझ्या नावावर करण्याचा कागद सोबत आहे. यावर मला उपदेश नको, आशीर्वाद नको आणि बारकीही म्हणू नकोस. सही हवी.

राग आहे, तो सध्या असू दे.

तुझी बहीण


११ मार्च

प्रिय बहिणीस,

पाच दिवस कागद टेबलावर होता. पहिल्या दिवशी रागावून उत्तर लिहिलं, चार पानी. तुझ्या वहिनीने ते वाचायलाही नकार दिला. ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

तू परत पाठवलेला सहा खाचांचा गिअरबॉक्स शनिवारी आवारात नेऊन दिला. तिथल्या माणसाने विचारलं, तो पुठ्ठा कापणारा कारागीर कोण, आमच्याकडे कामाला येईल का. मी म्हटलं, बहीण आहे माझी. मग त्याने विचारलं, एवढा जड नग तिकडे गाडीखालून वर चढवला कसा, क्रेन आहे का. मला सांगता येईना. तुझी गाडी कुठे उभी असते, वर छप्पर आहे की नाही, हेही मला सांगता आलं नसतं.

कागदावर सही केली आहे. तारीख घातली आहे. मी अजून चिडलेलाच आहे, आणि तो राग कोणावर आहे हे नीट ठरत नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

तो गिअरबॉक्स तू वर कसा चढवलास? मला माहीत नाही. सवडीने लिही, सविस्तर लिही. वाचीन.

दादा